कोनाड्यातली वाटी

आमच्या आणि रळियातबांच्या घरात एकच भिंत आहे. मातीची, हातभर जाडीची. तिच्यात चुलीच्या उंचीवर एक आरपार कोनाडा आहे. सासूबाईंच्या काळी त्यातून विस्तव इकडून तिकडे जायचा, विरजण जायचं, कधी लोणच्याची फोड जायची. पुढे दोन्ही घरांत गॅस आला आणि विस्तवाचं येणंजाणं थांबलं. रळियातबांनी त्यांच्या बाजूने एक फळी टेकवून ठेवली. ठोकली नाही, नुसती टेकवली. वर बोटभर फट राहायची आणि त्या फटीतून आमच्या गप्पा चालायच्या.

माझ्या बाजूला, त्याच कोनाड्यात, एक पितळी वाटी असायची. जे झालं ते त्या वाटीवरून झालं.

गावात आता आमचं एकच जैन घर उरलं आहे. बाकीचे वाणी कधीच सुरतेला, मुंबईला गेले. माझा मुलगाही सुरतेला आहे. तो बोलावतो, पण मी जात नाही. इथे माझा दिवस माझ्या नेमांनी भरलेला असतो. सूर्य वर आल्यावर दोन घटकांनी पाणी, मावळायच्या आत जेवण, सकाळ-संध्याकाळ चुकांची क्षमा मागायचं प्रतिक्रमण, दुपारी एक सामायिक, म्हणजे दोन घटकांची ध्यानाची बैठक. आणि तरुणपणी महासतीजींसमोर, आमच्या साध्वींसमोर, हात जोडून घेतलेलं एक व्रत, की हलताचालता जीव जाणूनबुजून मारायचा नाही.

हे व्रत स्वयंपाकघरात पाळायचं म्हणजे धान्य निवडताना पाळायचं. मी सकाळच्या उजेडात खिडकीपाशी ताट घेऊन बसते. जवळ पुंजणी असते, लोकरीच्या धाग्यांची मऊ झाडणी. धान्यातून जो किडा निघेल तो तिने हलकेच सुपलीत घ्यायचा आणि वाटीत सोडायचा. इतकी वर्षं केल्यावर मला त्यांची ओळख झाली होती. गव्हातला सोंड्या काळा, अरुंद, तोंडाला खरोखरच सोंड. मुगातला भुंगा बुटका, तपकिरी, पाठीवर पांढरे ठिपके. पंख आखूड, म्हणून मागून उघडा पडल्यासारखा दिसतो. त्याला पुंजणी लागली की तो पाय पोटाशी घेऊन पडतो. अगदी मेला असं वाटावं. जरा थांबलं की एक पाय हलतो, मग दुसरा, आणि स्वारी उठून चालायला लागते. मला त्याची फार गंमत वाटायची. ‘ऊठ रे बाळा, मी काही करत नाही,’ असं मी त्याला म्हणायची.

वाटीत मी मूठभर मूग टाकून ठेवायची. जीव वाचवायचा आणि उपाशी मारायचा, हे बरं नव्हे. कोनाडा गार होता, तिथे मुंगी येत नव्हती, कुणाचा पाय पडत नव्हता. याहून चांगली जागा घरात नव्हती.

रळियातबा फटीतून डोकवायच्या. त्या कणबी, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या, आवाज असा की शेताच्या त्या टोकाला ऐकू जावा.

“शेठाणी, आज किती पाहुणे?”

“आज बारा आहेत, बा.”

“जेवले का?”

“जेवतायत.”

“जेवू देत. पण इकडे नको हो पाठवूस. आमच्याकडे रोटला आणि ताक. तुझ्या वाणी पाहुण्यांना सोसायचं नाही.”

आणि त्या खो खो हसायच्या. मीही तोंडाला पदर लावून हसायची.

रळियातबांचे मूग आमच्या पंचक्रोशीत खारे मूग म्हणून ओळखले जायचे. ते चवीला खारट नसतात. आमची जमीन रणाच्या, खाऱ्या वाळवंटाच्या, कडेला आहे, उन्हाळ्यात वर पांढरं मीठ फुलतं. तिथे दुसरं कडधान्य उगवतं आणि करपतं. हे मूग मात्र एका चांगल्या पावसावर साठ-पासष्ट दिवसांत हाती लागायचे. रळियातबांच्या सासूने नवरी होऊन येताना ओढणीच्या गाठीत त्यांचं बी आणलं होतं. दिसायला अगदी गरीब. बारीक, मळकट, मातीत लोळल्यासारखे, चकाकी म्हणून नाही. शिजायला वेळ घ्यायचे, पण शिजल्यावरही दाणा दाणा वेगळा राहायचा आणि घरभर वास सुटायचा. आजूबाजूचे सगळे दुकानातलं बी आणायला लागले तरी रळियातबा दोन बिघ्यांत हेच पेरत. त्यांचा मुलगा आईला म्हणायचा, “बा, काय त्या धुळीच्या दाण्यांना धरून बसलीस?” त्या म्हणायच्या, “तुझ्या आजीने पदरात बांधून आणलेलं आहे. तुलाच तेवढं पदरात बांधून आणलेलं नाही.”

त्यांतले दोन किलो वर्षातून दोनदा माझ्या घरी यायचे. चैत्रात आणि आश्विनात मी ओळी धरते, म्हणजे सलग नऊ आयंबिलं करते. दिवसातून एकदाच जेवायचं आणि त्या जेवणात तेल, तूप, दूध, गूळ, मसाला काही नाही. नुसते उकडलेले मूग आणि कोरडा रोटला. त्या दिवसांत रळियातबा बियाण्याच्या कोठीचं लिंपण फोडून माझ्यासाठी मूग काढायच्या. बियाण्याला असं मध्येच कुणी हात लावत नाही. पण त्या म्हणायच्या, “नऊ दिवस जिभेला काही नाही, निदान मूग तरी चांगले खा.”

गव्हाला मी एरंडेल चोळून ठेवते. वर्षभर किडा फिरकत नाही. या मुगांना मात्र तेलाचं बोट लावता येत नव्हतं, आयंबिलाचे म्हणून. ते मी तसेच कोरडे, कडुलिंबाचा पाला घालून, पत्र्याच्या डब्यात ठेवायची.

त्या वर्षी फाल्गुनात माझ्या जुन्या उरलेल्या मुगांत भुंगा झाला. बाजारातून आणलेल्या चवळीतून आला असावा. मी चार सकाळी निवडत बसले. भुंगे वाटीत, भोक पडलेले दाणेही वाटीत, कारण आत कोण आहे काय माहीत. वाटी पुरेना म्हणून एक मोठा वाडगा घेतला. मन कसं शांत होतं माझं. चार दिवसांत एक जीव माझ्या हातून गेला नव्हता.

पुढच्याच महिन्यात चैत्री ओळी आली. रळियातबांनी कोठी फोडली, दोन किलो स्वच्छ मूग मला आणून दिले. “लिंपण उद्या करते,” म्हणाल्या. पण त्यांचा खांदा धरला होता. उद्याचं परवा झालं. शेवटी त्यांनी कोठीच्या तोंडावर एक फडकं टाकलं आणि त्यावर फरशी ठेवली.

त्यांची कोठी कोनाड्याच्या पलीकडे, चार हातांवर होती.

वैशाखात वाडग्यातले भुंगे कमी झाले. बिचाऱ्यांचं आयुष्यच तेवढं, असं म्हणून मी नवकार मंत्र म्हटला.

ज्येष्ठात शेतकी कॉलेजातली एक मुलगी आली. कृपाली नाव तिचं. गावोगाव फिरून जुनं बियाणं गोळा करत होती. कुणीतरी तिला खाऱ्या मुगांबद्दल सांगितलं होतं. रळियातबांना इतका आनंद झाला की मलाही त्यांनी हाक मारून नेलं.

“बघ समरथ, कॉलेजातून आली आहे ही. माझ्या सासूच्या मुगांना कॉलेजात नेणार. आमच्या घरातलं कुणी गेलं नाही, मूग तरी जातील.”

मुलगी हसली. “बा, आधी दाखवा तर.”

रळियातबांनी फरशी सरकवली, फडकं काढलं, कोपरापर्यंत हात आत घातला आणि तसाच बाहेर घेतला.

“गरम आहे,” त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. धान्य कशाने गरम होईल? मुलीला मात्र कळलं. तिचा चेहरा उतरला. तिने ओंजळभर मूग ओसरीच्या उजेडात आणून पसरले. बियाण्यात घातलेली राख, पीठ, आणि दाण्यांवर दाभणाने पाडावी तशी गोल गोल भोकं. भुंगे चारी दिशांना पळाले. काही पाय आवळून मेल्यासारखे पडले. दाण्यांना वजन नव्हतं. फुंकर मारली तर उडावेत असे होते.

रळियातबा कोठीकडे वळल्या. पुन्हा आत हात घातला, आणखी खालून काढलं. तेच. पुन्हा काढलं. तेच. मण-सव्वा मण बी होतं त्या कोठीत.

“इतकं खातो मेला एवढासा जीव?” त्या म्हणाल्या.

“हा नाही खात, बा,” कृपाली म्हणाली. तिने पिशवीतून भिंग काढलं आणि एक दाणा आमच्यासमोर धरला. “हा मोठा झाला की तोंडाला काहीही लावत नाही. दहा-बारा दिवस जगतो. जोडी जुळली की मादी दाण्यांवर अंडी चिकटवते. हे पांढरे ठिपके दिसतात ना, ती अंडी. अंड्याच्या खालूनच अळी सरळ दाण्यात शिरते. खाते ती अळी. आतच वाढते, आतच कोष करते. बाहेर यायच्या आधी सालीची एवढीशी खिडकी ठेवते, आणि महिन्याभराने ती खिडकी ढकलून भुंगा बाहेर. एकेक मादी ऐंशी-नव्वद अंडी घालते.”

“म्हणजे जन्मभर उपास?” रळियातबांनी विचारलं.

“मोठा झाल्यावर तरी, हो.”

“मग हा समरथच्याच जातीचा म्हणायचा!” रळियातबा म्हणाल्या आणि हसल्या. एवढं सगळं समोर पडलेलं असताना हसल्या. मुलगीही हसली.

मी हसले नाही. मला माझी वाटी दिसत होती. इतकी वर्षं मी त्यांना मूठ मूठ मूग खायला घातले होते. त्यांतल्या एकानेही ते खाल्ले नव्हते. मी त्यांच्यासाठी पाळणे मांडत होते आणि एकेका पाळण्यातून महिन्याने नवा भुंगा उठून, फळीच्या फटीतून, पलीकडे जात होता.

कृपाली दाणे उलटेपालटे करत होती. “कधीकधी शेतातूनच शेंगेवर अंडी येतात. पण तसं असतं तर दिवाळीलाच दिसले असते. हा नंतर आला आहे, आणि जवळून आला आहे. उडतो हा. शेजारीपाजारी कुठे भुंगा लागलेलं कडधान्य उघडं होतं का हो?”

रळियातबा कोठीकडे बघत होत्या. मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते.

“कुठे असायचं,” रळियातबा म्हणाल्या. “मीच लिंपण केलं नाही. या मेल्या खांद्यापायी.”

“बरं, हेच मूग दुसऱ्या कुणाला दिले होते का? थोडे असले तरी चालतील. शंभर चांगले दाणे मिळाले तरी मी हे बी पुढे चालू ठेवीन. तुम्हालाही पुन्हा आणून देईन.”

“मी कुणाला देते? हिला देते फक्त.” त्या माझ्याकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांत एकदम उजेड आला. “समरथ, चैत्रातले आहेत का गं काही उरलेले?”

“संपले,” मी म्हणाले.

हे मी ठरवून म्हटलं नव्हतं. हो म्हटलं असतं तर ती मुलगी माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली असती, आणि तिथे पाऊल टाकलं की समोर कोनाडा दिसतो. त्यातला वाडगा दिसला असता. मला फक्त तेवढं टाळायचं होतं, त्या एका घटकेपुरतं. पण तोंडातून शब्द गेला तो गेलाच.

“खाल्लेस ना, चला, पोटात तरी गेले,” रळियातबा म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतला उजेड मी विझताना पाहिला.

मुलगी आपला पत्ता लिहून देऊन गेली. मी घरी आले, दार लोटलं आणि डबा उघडला. दीड किलो तरी मूग होते. मूठभर घेऊन खिडकीपाशी नेले. पाच-सहा दाण्यांवर तो पांढरा ठिपका होता, खसखशीएवढा. बाकीचे सगळे स्वच्छ. शंभर नाही, हजारो दाणे स्वच्छ होते.

उद्या नेऊन देईन, मी म्हटलं. मागच्या डब्यात सापडले म्हणून सांगेन. पण ते दुसरं खोटं झालं असतं. आणि खरं सांगायचं तर वाडग्यापासून सांगावं लागलं असतं. उद्याही मी गेले नाही. परवाही नाही. वाडगा उचलून मागच्या अंगणात, गोठ्याच्या वळचणीला नेऊन ठेवला.

“समरथ, पाहुणे दिसत नाहीत गं?” फटीतून आवाज आला.

“गेले, बा.”

“बरं झालं. तुझं तरी निवडायचं काम वाचलं.”

त्यांच्या आवाजात काही नव्हतं. मी किती वेळा तो आवाज आठवून तपासला आहे. खरंच काही नव्हतं.

रोज संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसलं की दुसऱ्या व्रतावर, खोटं न बोलण्याच्या व्रतावर, माझी जीभ पुढे जायची आणि मन तिथेच बसून राहायचं. पृथ्वीतल्या, पाण्यातल्या, वाऱ्यातल्या जीवांची क्षमा मी मागत होते. भिंतीपलीकडचं माणूस मधल्यामध्ये सुटून जात होतं.

आषाढात पेरणीजोगा पाऊस झाला. रळियातबांनी दुकानातून बियाणं आणलं आणि मला दाखवायला फटीतून मूठ पुढे केली. हिरवेगार, टपोरे, चकचकीत दाणे.

“बघ, बांगडीच्या काचेसारखे आहेत. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, हे पेरायचे की हातात भरायचे?”

“चांगले दिसतायत, बा.”

“दिसायला काय गं.”

त्या शेताकडे गेल्यावर मी डबा उतरवला. आता द्यायचाच, असं ठरवून उतरवला. झाकण काढलं आणि आतून उबारा आला. ज्येष्ठातल्या त्या ठिपक्यांचा महिना भरला होता. भुंगे डब्याच्या कडेने वर चढत होते. भोकं अजून थोड्याच दाण्यांना होती. पण उरलेल्यांवर, एकेका दाण्यावर, दोन दोन, चार चार पांढरे ठिपके होते. काही अंडी नुकती घातलेली, अजून ओलसर चमकणारी. लगेच नेऊन दिले, आजच जमिनीत गेले, तर अजूनही काही तरी उगवतील. एवढं मला आता समजत होतं.

डबा मी दोन्ही हातांनी धरला होता. आणि मनात आलं, रळियातबा काय करतील? कडक उन्हात पसरतील, चाळतील, पाण्यात टाकतील. एवढे हजारो जीव मी माझ्या हाताने मरायला नेऊन देणार का? माझं व्रत आहे.

हे खोटं नव्हतं. व्रत होतंच. पण मी डबा न्यायला घाबरत होते ते त्या जीवांसाठी नव्हे. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आयुष्यभर जे व्रत मी दिव्यासारखं पुढे धरून चालले होते, त्या दिवशी त्याच्याच आड जाऊन बसले. झाकण लावलं आणि डबा वर ठेवून दिला.

भाद्रपदात पर्युषण आलं. मी अठ्ठाई केली, आठ दिवस नुसतं उकळलेलं पाणी. आठव्या दिवशी संवत्सरी. त्या दिवशी वर्षभरातल्या चुकांची सगळ्यांकडे क्षमा मागायची. दरवर्षी मी दारोदार जाते, गावातल्या लोकांना आता तोंडपाठ आहे, मी हात जोडले की तेच म्हणतात, “मिच्छामि दुक्कडम्, समरथबेन, मिच्छामि दुक्कडम्!” लहान मुलं तर आधीच ओरडतात.

रळियातबांकडे मी शेवटी गेले. त्या ओसरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. नव्या बियाण्याची पहिली तोडणी. शेंगांचा ढीग लहान होता. जमिनीला ते बी मानवलं नव्हतं. पानं पिवळी पडली होती, अर्धी झाडं तशीच करपली होती.

मी हात जोडले. “बा, मनाने, वाचेने, कायेने वर्षभरात काही...”

“ये, बस. आठ दिवसांची उपाशी आहेस, उभी नको राहूस.”

“मिच्छामि दुक्कडम्, बा.”

“अगं, ते तू दरवर्षी म्हणतेस. त्या पोस्टमनलाही म्हणतेस. माझ्या म्हशीलाही म्हणालीस मागच्या वर्षी.” त्या हसल्या. मग शेंग हातात तशीच धरून माझ्याकडे बघत राहिल्या. “काय झालं गं? बसत का नाहीस?”

मी बसले आणि सांगितलं. वाटीपासून सांगितलं. फटीतून कोण गेलं, ते सांगितलं. ‘संपले’ म्हणाले तेव्हा डब्यात दीड किलो होते, हे सांगितलं. आषाढात डबा उघडून पुन्हा बंद केला, तेही सांगितलं. माझा आवाज मुळात लहान. त्यांना पुढे वाकून ऐकावं लागत होतं.

सांगून झाल्यावर त्यांनी चार-पाच शेंगा सोलल्या.

“वाटीचं मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “ती पोरगी ‘शेजारी’ म्हणाली तेव्हाच समजलं. पण तू काय मुद्दाम केलंस? किड्यांना काय भिंत कळते? आणि फळी मी टेकवली, लिंपण मी ठेवलं. ते सोड.” मग हातातली शेंग खाली ठेवून म्हणाल्या, “डब्याचं नव्हतं माहीत.”

मी मान वर केली नाही.

“दुसऱ्या दिवशी आली असतीस तरी चाललं असतं गं समरथ. मी काय तुला मारलं असतं? चार शिव्या दिल्या असत्या. दहाव्या दिवशी आली असतीस तरी चाललं असतं.” त्यांचा तो शेतभर जाणारा आवाज इतका खाली गेला होता की आता मला वाकावं लागलं. “पेरणीच्या दिवशी आली असतीस तरी मी शेणात घोळून टाकले असते. दहा तरी उगवले असते. दहा पुरेसे होते मला.”

“बा...”

“आण तो डबा.”

मी आणला. त्यांनी झाकण काढलं. आत पीठ होतं, मेलेले भुंगे होते आणि दाण्यांची टरफलं. त्यांनी बोटाने ढवळलं, एक दाणा उचलून उन्हाकडे धरला. आरपार उजेड दिसत होता. आणखी एक उचलला. आणखी एक. असे त्या बराच वेळ दाणे उचलून उजेडाला धरत राहिल्या, आणि मी त्यांच्यासमोर बसून प्रत्येक दाण्याबरोबर श्वास धरत राहिले. एकही भरीव निघाला नाही.

“सासूबाईंची ओढणी लाल होती,” त्या एकदम म्हणाल्या. “मी पाहिली आहे. गाठीच्या जागी विरली होती.”

डबा त्यांनी माझ्याकडे सरकवला. मग समोरच्या ताटातले नवे सोललेले मूग, ते चकचकीत, दोन ओंजळी भरून माझ्या पदरात टाकले.

“बा, मला नको. मी आता मूग सोडणार आहे. आजन्म. तसा नेम, पच्चक्खाण, घेते.”

“तू सोडलेस तर मला काय मिळणार?” त्या म्हणाल्या. “आश्विनात ओळी आहे ना तुझी? दरवेळी मी देते, यंदाही देते. घे. हे माझे नाहीत, दुकानातले आहेत. यांचं काही झालं तरी मला काही वाटायचं नाही.”

मी पदर आवळून उठले. पायऱ्या उतरताना त्यांनी मागून हाक मारली नाही. दरवर्षी मारतात; पारण्याला काय करणार, असं विचारतात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोनाडा लिंपून टाकला. माती-शेण कालवून, एका हाताने, दुखऱ्या खांद्याने. माझ्या बाजूने मी पाहत होते. फळी निघाली, क्षणभर त्यांचा चेहरा दिसला, मग मातीचे गोळे येत गेले. “उंदीर येतात गं,” एवढंच त्या म्हणाल्या. शेवटच्या गोळ्याआधी मी माझ्या बाजूने हात घालून कड सारखी केली. दोघींची बोटं मातीत लागली असतील, नसतील.

तेव्हापासून निवडताना निघालेले जीव मी झाकणाच्या डब्यात ठेवते आणि पौर्णिमेला तालुक्याच्या पांजरपोळात पोचवून येते. तिथे त्यांच्यासाठी वेगळी खोली आहे, भोवती कुणाचं शेत नाही, कुणाची कोठी नाही. कृपालीचा पत्ता माझ्या पोथीत आहे. तिने गावोगाव विचारून पाहिलं. खारे मूग कुठे मिळाले नाहीत.

आश्विनात ओळी बसली. पहिल्या दिवशी मी रळियातबांनी दिलेले मूग धुतले, उकळत्या पाण्यात टाकले आणि सवयीप्रमाणे सामायिकाला बसले, कारण खाऱ्या मुगांना तेवढा वेळ लागायचा. उठून पाहिलं तर दाणे फुटून त्यांची पेज झाली होती. घरात कसलाही वास नव्हता. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता. भिंत आता सलग असल्यामुळे तो लांबून आल्यासारखा वाटत होता. मी ताट वाढून घेतलं आणि जेवले.